मुक्तस्रोत प्रणालीच्या फोनवरून ११२ लागेल का, हे कसे तपासावे

जुन्या फोनवर लिनेजओएस (अँड्रॉइडवर आधारित मुक्तस्रोत प्रणाली) चढवले, सिम घातले, घरच्यांना एक कॉल करून पाहिला आणि आवाज नीट आला, की तपासणी संपली असे बहुतेक जण समजतात. आपत्कालीन कॉलच्या बाबतीत ही समजूत चुकीची ठरू शकते, कारण तो कॉल साध्या कॉलच्या वाटेने जात नाही. साध्या कॉलमध्ये आपण दाबलेला क्रमांक फोन नेटवर्ककडे पाठवतो. आपत्कालीन कॉलमध्ये मात्र फोन तो क्रमांक आधी स्वतःजवळच्या यादीत शोधतो आणि सापडल्यास मोडेमला (फोनमधील नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाला) वेगळी आज्ञा देतो, जेणेकरून स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून कॉल जाऊ शकावा. २जीच्या मूळ पद्धतीत तर दाबलेला क्रमांक पुढे जातच नाही. ‘हा आपत्कालीन कॉल आहे’ एवढीच खूण जाते.

या दोन वाटा किती वेगळ्या असू शकतात, हे ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये ३जी सेवा बंद झाली तेव्हा सर्वांना दिसले. तिथले काही फोन साधे कॉल ४जीवरून व्यवस्थित करत होते, पण ००० या आपत्कालीन क्रमांकासाठी ३जीवर उतरत होते. असे फोन कंपन्यांना नेटवर्कवरून बंदच करावे लागले. हे कारखान्यातून आलेल्या सॉफ्टवेअरचे झाले. आपण स्वतः बदललेल्या सॉफ्टवेअरची खात्री आपणच करून घ्यायची असते. लिनेजओएसच्या अधिकृत यादीत येणाऱ्या फोनवरून आपत्कालीन कॉल लागलाच पाहिजे अशी अट आहे, परंतु एखाद्याने हौसेने बनवलेल्या अनधिकृत रॉमला (फोनवर चढवायच्या प्रणालीला) अशी कोणतीही अट बांधून ठेवत नाही.

सुदैवाने यातला बराचसा भाग ११२ न लावताच तपासता येतो, आणि तोच आधी तपासावा. तपासणीच्या काळात मूळ सॉफ्टवेअर असलेला दुसरा फोन हाताशी चार्ज करून ठेवावा आणि पॉवर बटण पाच वेळा दाबल्यावर कॉल लावणारी सोय असल्यास ती बंद करावी, नाहीतर खटपटीत नको तो कॉल लागून जातो.

पहिली पायरी व्होल्टेची, म्हणजे ४जीवरून आवाजी कॉल करण्याच्या सोयीची. भारतात जिओचे नेटवर्क ४जी व ५जीचेच आहे. त्याला खाली उतरायला स्वतःचे २जी किंवा ३जी नाही, म्हणून रॉममध्ये व्होल्टे चालत नसेल तर जिओच्या सिमवरून साधा कॉलही जात नाही. डायलरमध्ये *#*#४६३६#*#* दाबल्यावर फोनची माहिती उघडते. तिथे आयएमएसची (व्होल्टे ज्यावर चालते त्या यंत्रणेची) नोंदणी झालेली आहे का, हे प्रत्येक सिमसाठी वेगळे पाहावे. त्यानंतर साधा कॉल लावून, कॉल चालू असताना वरच्या पट्टीतील ४जीची खूण टिकते की २जी होते, याकडे लक्ष द्यावे. दोन्ही बाजूंचा आवाज कानाशी आणि स्पीकरवर, दोन्ही तऱ्हांनी ऐकावा. कॉल लागतो पण माइक मुका राहतो, हा दोष अशा फोनांत अगदीच दुर्मीळ नाही.

दुसरी पायरी यादीची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तीच आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ११२ आणि ९११ हे दोन क्रमांक प्रत्येक फोनने ओळखायचे असतात. बाकीचे सिम, नेटवर्क, मोडेम आणि प्रणालीतील माहितीसंच यांतून येतात. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी लोकांच्या तोंडी १०८ आहे. तो यादीत नसेल, तर फोन त्याला साधा क्रमांक समजतो, आणि कुलूपबंद स्क्रीनवरचा आपत्कालीन डायलर तो लावण्यास नकार देऊ शकतो. अँड्रॉइड १० पासून टेलिफोनीच्या शेल-आज्ञांमध्ये (टाइप करून द्यायच्या आज्ञांमध्ये) आपत्कालीन क्रमांकांसाठी चाचणी-स्थिती आहे. फोन एडीबीने (संगणकावरून अँड्रॉइडला आज्ञा देण्याच्या साधनाने) संगणकाला जोडून तिच्या साहाय्याने ही यादी छापून घेता येते. लिनक्सवर चालणाऱ्या फोनमध्ये मोडेममॅनेजर हे मोडेम सांभाळणारे सॉफ्टवेअर सिमच्या तपशिलात, तर उबुंटू टच या प्रणालीतील ओफोनो हे तसेच सॉफ्टवेअर कॉलच्या तपशिलात हे क्रमांक दाखवते.

त्याच चाचणी-स्थितीत आपल्या दुसऱ्या फोनचा क्रमांक तात्पुरता आपत्कालीन म्हणून नोंदवता येतो. मग स्क्रीन कुलूपबंद असताना, विमान-स्थिती चालू असताना, दुसऱ्या सिमवर इंटरनेट चालू असताना असे प्रयोग करून पाहावेत आणि प्रत्येक वेळी रेडिओचा लॉग (मोडेमशी झालेल्या देवाणघेवाणीची नोंद) जपून ठेवावा. इथे एक धोका आहे. ही चाचणी खऱ्या केंद्राकडे जाऊ नये, अशी सूचना अँड्रॉइड मोडेमला देते, पण मोडेमचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) बंदिस्त असते आणि जुन्या फोनांत ते या सूचनेआधीचे असू शकते. म्हणून समोरून अनोळखी आवाज आला तर काय बोलायचे, हे आधीच ठरवून मग बटण दाबावे. प्रयोग संपल्यावर नोंदवलेला क्रमांक आठवणीने काढून टाकावा.

पाइनफोनसारख्या लिनक्स फोनवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते: फोन तासभर झोपू द्यावा, मग उठवून लगेच साधा कॉल लावावा आणि मोडेम प्रणालीला किती सेकंदांनी दिसतो हे मोजावे.

घरी स्वतःचा छोटा टॉवर उभारून चाचणी घेण्याची मुक्तस्रोत साधने उपलब्ध असली, तरी परवान्याशिवाय त्या लहरींवर प्रसारण करणे भारतात गुन्हा आहे. तो मार्ग प्रयोगशाळांसाठी सोडावा.

प्रत्यक्ष ११२ ला कॉल करायचाच असेल, तर आधी पोलीस नियंत्रण कक्षाच्या साध्या क्रमांकावर फोन करून परवानगी विचारावी, आणि नकार मिळाला तर तिथेच थांबावे. महाराष्ट्रातील हे कॉल नवी मुंबई आणि नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात. आपली चाचणी चालू असताना तिथला एक माणूस अडकलेला असतो. परवानगी मिळाल्यास पहिल्याच वाक्यात सांगावे: “ही चाचणी आहे, कोणतीही आपत्ती नाही. माझा आवाज नीट येतो का आणि माझा क्रमांक व ठिकाण काय दिसते, एवढेच सांगाल का?” उत्तर मिळाले की आभार मानून कॉल संपवावा. चुकून कॉल लागला, तर घाबरून कट करू नये. चूक झाल्याचे सांगून मगच ठेवावा, कारण अर्धवट तुटलेल्या कॉलमागे खरे संकट असू शकते, असे धरूनच तिथे काम करावे लागते.

ठिकाणाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपत्कालीन कॉलबरोबर ठिकाण पाठवणारी अँड्रॉइडवरील गूगलची सेवा गूगल प्ले सर्व्हिसेसचा भाग आहे. ज्यांनी ती मुद्दाम काढून टाकली आहे, त्यांनी पत्ता तोंडाने सांगण्याची तयारी ठेवावी. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांसाठी सक्तीचे झालेले पॅनिक बटणही रॉम बदलल्यावर टिकतेच असे नाही. सिम नसताना ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसले, तरी त्यावर विसंबू नये. जर्मनीने गैरवापरामुळे २००९ मध्ये बिनसिमचे असे कॉल बंद केले.

शेवटी रॉमची आवृत्ती, मोडेम फर्मवेअरची आवृत्ती, सिमची कंपनी, ठिकाण आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींतील एक जरी बदलली, तरी व्होल्टे आणि यादी या दोन पायऱ्या पुन्हा कराव्यात. त्यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.