नातवंडाला कॅनडाला नेताय? आधी संमतीपत्र करा

कॅनडात कायद्याने १८ वर्षांखालचं मूल अल्पवयीन. ते आजी-आजोबांबरोबर किंवा आई-बाबांपैकी एकाबरोबरच विमानातून उतरलं, की इमिग्रेशनचा अधिकारी ‘सोबत न आलेल्या पालकांची परवानगी आहे का?’ असं विचारू शकतो. व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो वेगळा विषय.

न येणाऱ्या पालकाने, आजी-आजोबा नेत असतील तर आई-बाबा दोघांनी, सहीचं पत्र द्यावं. पत्र शक्यतो इंग्रजीत (किंवा फ्रेंचमध्ये). त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, सोबत कोण, राहणार कुठे आणि पालकांचा चालू मोबाइल नंबर. सही करणाऱ्याच्या पासपोर्टची प्रत आणि जन्मदाखला जोडा. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही घ्या. नोटरी करून घ्यावी, खर्च थोडा आणि वजन बरंच. घटस्फोट झाला असेल तर ताब्याच्या आदेशाची प्रतही हवी.

हे सगळं हॅन्डबॅगेत. चेक-इन बॅगेत टाकलेला कागद काउंटरवर काय कामाचा?

मुलाचा पासपोर्टच काढायचा असेल, तर आई-बाबा दोघांच्या सह्यांचं ‘अ‍ॅनेक्शर डी’ (पासपोर्टच्या अर्जासोबतचं घोषणापत्र) लागतं. एकाचीच सही मिळणार असेल तर ‘अ‍ॅनेक्शर सी’ भरा.