पाळी मागेपुढे होऊ लागली की

पाळी दोन महिने आली नाही म्हणून घाबरलेल्या बायका मला रोज भेटतात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग लागला म्हणून लगेच येणाऱ्या फार थोड्या. त्या येतात त्याही कित्येक महिने अंगावर काढून. खरं तर घाई दुसरीने करायला हवी, पहिलीला थोडा वेळ आहे. मी स्त्रीरोग विभागात नर्स आहे, आणि हल्ली माझीही पाळी तिच्या मर्जीने येते, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी सांगते आहे.

पंचेचाळिशीच्या आसपास, कुणाला त्याच्या थोडं आधीच, अंडाशयातून दर महिन्याला बीज सुटेनासं होतं. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं. ते उतरलं की गर्भपिशवीचं अस्तर गळतं आणि पाळी येते. बीज सुटलंच नाही तर इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच अस्तर वाढवत बसतं. म्हणून तारीख उलटून जाते आणि मग जे येतं ते धो धो. "साचलेलं खराब रक्त जातंय, जाऊ दे," असं बायका सांगतात. आत खराब रक्त वगैरे काही साचलेलं नसतं. जातं ते आपलं चांगलं रक्त, आणि त्याच्याबरोबर लोह.

पहिलं काम, पाळीची वही ठेवा. मोबाइलमधलं ॲप चालेल, पण ॲप पुढची तारीख सांगत बसतं आणि या वयात तिला काही अर्थ नसतो. माझ्या वहीत रकाने थोडेच आहेत: पाळीचा पहिला दिवस, शेवटचा दिवस, दिवसाला किती पॅड आणि ते किती भिजले, गाठी पडल्या का, मधे डाग लागले का. रात्री घामाने जाग आली तर कडेला एक फुली. डॉक्टरांनी "शेवटची पाळी कधी?" विचारल्यावर छताकडे बघत आठवायला लागत नाही, हा मोठाच फायदा.

वही वाचायची कशी? दोन पाळ्यांमधलं अंतर आधीच्यापेक्षा ७ किंवा जास्त दिवसांनी बदलायला लागलं आणि तसं वारंवार होऊ लागलं, तर बदल सुरू झाला. मधे ६० दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडू लागला, तर पुढचा टप्पा. तिथून शेवटची पाळी साधारण १ ते ३ वर्षांवर असते. एखाद्याच महिन्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि सलग १२ महिने काही आलं नाही तरच पाळी गेली म्हणायचं. अकराव्या महिन्यात आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तारीख चुकली की आधी घरी लघवीची गर्भचाचणी करा. "आता या वयात?" म्हणून हसणाऱ्या बायकांचे चेहरे रिपोर्ट बघून पडलेले मी पाहिले आहेत. बीज दर महिन्याला सुटत नाही म्हणजे कधीच सुटत नाही असं नव्हे. पन्नाशीनंतर पाळी गेली असेल तर पुढे १ वर्ष, आणि पन्नाशीच्या आत गेली असेल तर २ वर्षं गर्भनिरोधन सुरू ठेवायचं असतं. मेनोपॉजच्या, म्हणजे पाळी जाण्याच्या काळातल्या त्रासासाठी दिलेली हार्मोन्स गर्भनिरोधक नसतात, हेही लक्षात असू द्या.

चाचणीत काही नसेल तर थायरॉइड तपासून घ्या. त्याच्या गडबडीतही पाळी बिघडते, आणि थकवा, वजन, घाम ही लक्षणं मेनोपॉजच्याच नावावर खपून जातात. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी, मात्र पंचेचाळिशीनंतर सहसा लागत नाही. या काळात तो आकडा महिन्याला वरखाली होतो. एकदा नॉर्मल आला म्हणून काही कळत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर गोष्ट वेगळी, तेव्हा तपासण्या हव्यातच, कारण इस्ट्रोजेन लवकर गेलं तर हाडांना आणि हृदयाला ते महागात पडतं. आणि कृपा करून मैत्रिणीला दिलेली "पाळी येण्याची गोळी" स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आता ज्यासाठी थांबायचं नाही ते. सलग दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजून बदलावं लागतंय, तर त्याच दिवशी दवाखाना. सोबत चक्कर किंवा धडधड असेल तर थेट इमर्जन्सी. अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी, ७ दिवसांपेक्षा जास्त चालणारी पाळी, २१ दिवसांच्या आत पुन्हा येणारी पाळी, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त, यांतलं काहीही असेल तर पुढच्या काही दिवसांत अपॉइंटमेंट घ्या. पाळी गेल्यावर, म्हणजे ते १२ महिने पूर्ण झाल्यावर, एक गुलाबी डाग दिसला तरी दाखवायचंच. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, योनीतला कोरडेपणा किंवा छोटा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची मऊ, बहुधा साधी वाढ. पण गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर बऱ्याचदा याच डागाने पहिली खूण देतो, आणि लवकर सापडला तर उपचार चांगले लागू पडतात.

डॉक्टर काय करतील? हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघतील, योनिमार्गातून सोनोग्राफी सांगतील, गरज वाटली तर अस्तराचा छोटा नमुना घेतील. नमुना म्हटलं की चेहरे पांढरे पडतात. तो बऱ्याचदा बारीक नळीने ओपीडीतच घेतात, थोडा वेळ कळ येते. दुखण्याची भीती वाटत असेल तर आधीच सांगा, वेदनाशामक मिळू शकतं.

उपचार प्रत्येकीला वेगळे. रक्तस्राव कमी करायला पाळीच्या दिवसांत ट्रानेक्सॅमिक ॲसिड देतात, पण पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आधी सांगायलाच हवं. ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या असतात. हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू गर्भपिशवीत बसवतात. तिने रक्तस्राव खूपच कमी होतो आणि गर्भनिरोधनही साधतं. सुरुवातीचे काही महिने तिच्याने डाग लागत राहतात, तेवढ्यात कंटाळून काढायला येऊ नका. लोहाच्या गोळ्या चहा-कॉफीबरोबर घेऊ नका, आणि हिमोग्लोबिन सुधारलं तरी साठा भरेपर्यंत, डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा.

शेवटी, "पिशवीच काढून टाका, कटकट नको" असं स्वतःहून म्हणणाऱ्या. कधीकधी ते ऑपरेशन खरोखर गरजेचं असतं. पण पाळी गेल्यावर फायब्रॉइड, म्हणजे गर्भपिशवीतल्या कॅन्सर नसलेल्या गाठी, बहुधा आक्रसतात, त्यामुळे सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा: गोळ्यांवर किंवा त्या वस्तूवर पाळी जाईपर्यंत थांबता येईल का? आणि काढायचीच असेल तर अंडाशय ठेवणार की तेही काढणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या.