कॅप्चा पुन्हा पुन्हा चुकतोय? या चुका टाळा

दिवाळीच्या आधी एक आबा आमच्या केंद्रात आले. सातबारा काढायचा होता. खिशातून चार घड्यांचा कागद काढून त्यांनी टेबलावर उलगडला. त्यावर निळ्या पेनाने, एकेक अक्षर सुटं करून, सहा अक्षरांचा कोड लिहिलेला. पुण्याच्या नातवाने फोनवर सांगितलेला. "ताई, दोन दिवस हाच टाकतोय, घेतच नाही. माझंच काहीतरी चुकत असणार."

कॅप्चा म्हणजे समोर माणूस आहे की रोबोट (आपोआप चालणारा प्रोग्राम), हे तपासायला साइट देते ती छोटी परीक्षा, बहुधा वेड्यावाकड्या अक्षरांची. नातवाच्या स्क्रीनवर आलेला कॅप्चा त्या वेळेपुरता आणि त्याच्याच स्क्रीनपुरता होता, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ओटीपी जसा दर वेळी नवा, तसाच कॅप्चाही. स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवून उपयोग नाही, कागदावर जपून तर नाहीच.

तालुक्याच्या गावी मी लोकांचे अर्ज भरून देते. दिवसाला चाळीस-पन्नास कॅप्चा हातून जातात आणि "माझंच चुकतंय" हे वाक्य जवळजवळ तितक्याच वेळा कानावर पडतं. शेतकरी म्हणतात, अंगणवाडीच्या ताई म्हणतात, बीएस्सी झालेली मुलंही म्हणतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण अडचण बहुतेक वेळा भलतीकडेच असते. मला रोज दिसणाऱ्या अडचणी सांगते.

कीबोर्ड मराठीत राहिला

मोबाईलवर सगळ्यात जास्त फसगत इथे होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी एक मुलगी सात-आठ वेळा कॅप्चा टाकून रडकुंडीला आली होती. मी तिचा फोन हातात घेतला. वर चित्रात इंग्रजी सात, खाली तिने टाकलेला मराठी ७. नाव मराठीत लिहायचं म्हणून कीबोर्ड बदलला होता, तो तसाच राहिला. आपल्या डोळ्यांना दोन्ही सातच, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. कॅप्चाच्या रकान्यात बोट ठेवलं की आधी स्पेस बारवरची भाषा बघा.

इंग्रजी कीबोर्डही दोन खोड्या करतो. पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, आणि वरच्या पट्टीतला सुचवलेला शब्द निवडला तर त्याच्यामागे एक मोकळी जागा सोडतो. ती जागा दिसत नाही, पण काही साइट ती अक्षर म्हणून मोजतात. म्हणून सूचना न निवडता एकेक अक्षर टाइप करा आणि चित्रात जसं लहान-मोठं आहे तसंच ठेवा. शून्य की ओ, एक की एल असा प्रश्न पडला तर अंदाज बांधत बसू नका. शेजारच्या गोल बाणावर दाबा, नवं चित्र येईल. चित्र बदलून घेणं म्हणजे चुकीचा प्रयत्न नव्हे. लोक उगीच घाबरतात.

एकच साइट दोन टॅबमध्ये उघडली

पान हळू चालतंय म्हणून तीच साइट दुसऱ्या टॅबमध्ये उघडायची सवय अनेकांना असते. बऱ्याच साइट तुमच्या नावावर एकाच कॅप्चाचं उत्तर जपून ठेवतात, शेवटी दाखवलेल्या. दुसरा टॅब उघडला की पहिल्या टॅबमधलं चित्र रद्द होतं, पण समोर ते तसंच दिसत राहतं. मग अक्षर न् अक्षर बरोबर टाकलं तरी 'चुकीचा कॅप्चा'. मागे जाण्याचं बटण दाबून परतलात तरी हेच होऊ शकतं. एकच टॅब ठेवा, आणि लांबलचक अर्ज असेल तर सगळं भरून झाल्यावर, टाइप करायच्या आधी, चित्र एकदा ताजं करून घ्या.

'मी रोबोट नाही' वर आधीच टिक केली

हा चौकोन दिसला की हात आधी तिकडेच जातो. गूगलच्या कॅप्चामध्ये त्या टिकेची मुदत दोन मिनिटं असते. टिक करून मग आधार क्रमांक शोधायला पिशवी उघडली, तर सबमिट दाबेपर्यंत ती शिळी होते. ही टिक सगळ्यात शेवटी करायची.

नुसत्या टिकेवरून माणूस कसा ओळखतात, हे लोक मला नेहमी विचारतात. कॅप्चा हे नाव २००३ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी रूढ केलं. त्यांच्यापैकी लुई फॉन आन यांनी २००७ मध्ये रीकॅप्चा आणलं. त्यात लोक ओळखत होते ते शब्द जुन्या पुस्तकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या स्कॅनमधले होते, संगणकाला न वाचता आलेले. २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतलं आणि २०१४ च्या अखेरीस टिकेचा चौकोन आला. तेव्हापासून तपासणी मुख्यतः पडद्याआड होते. ब्राउझर कोणता, कुकीज (साइटने तुमची ओळख म्हणून ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) आहेत का, या नेटवर्कवरून आधी काय काय झालंय, हे बघितलं जातं. २०१८ च्या आवृत्तीत तर काही सोडवायलाच देत नाहीत, शून्य ते एक यांच्यामधला गुण देऊन मोकळे होतात. म्हणजे तुम्ही काय टाइप केलं याइतकंच, तुमचा फोन आणि नेट कसं दिसतंय यालाही महत्त्व आलं.

चित्रांच्या चौकटींत घाई केली

कधी टिकेनंतर चित्रं येतात आणि त्यातली सांगितलेली वस्तू, समजा सिग्नल, ओळखायची असते. नऊ सुट्या चित्रांचा प्रकार असेल तर दाबलेलं चित्र विरघळून तिथे नवं येतं. ते नीट दिसेपर्यंत थांबायचं आणि हवी ती वस्तू शिल्लक नाही असं दिसेपर्यंत दाबत राहायचं. एकाच मोठ्या चित्राचे सोळा तुकडे असतील तर सिग्नलचे दिवे जिथे आहेत त्या चौकटी घ्या, खांब सोडून द्या. काठावर जरासा कोपरा आलाय, तो घ्यायचा की नाही, यावर अडून बसू नका. माझ्या अनुभवात त्याने फारसं बिघडत नाही.

'फायर हायड्रंट' म्हणजे रस्त्याकडेचा बुटका, जाड नळ, अमेरिकेत आगीच्या बंबाला पाणी देणारा. आपल्या गावात तो नसतो, त्यामुळे न ओळखता येण्यात कमीपणा नाही. 'क्रॉसवॉक' म्हणजे आपला झेब्रा क्रॉसिंग. ब्राउझरची भाषा मराठी केली तर अनेकदा ही सूचना मराठीतही येते.

नेट आणि घड्याळ तपासलंच नाही

मोबाईल कंपन्या शेकडो ग्राहकांना बाहेरून एकाच पत्त्यावरून नेटवर पाठवतात. त्यातल्या कुणी रोबोट चालवले की संशय सगळ्यांवर. फोन एरोप्लेन मोडवर टाकून अर्ध्या मिनिटाने काढला की बहुतेकदा पत्ता बदलतो. व्हीपीएन, म्हणजे नेटवरचा आपला पत्ता लपवणारं ॲप, चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये आलेली लिंक आतल्या आत उघडली असेल तर ती क्रोममध्ये उघडा.

जुन्या संगणकाचं घड्याळही बघा. आमच्याकडच्या एका संगणकावर कॅप्चाची जागा कोरीच राहायची, कधी 'कनेक्शन खाजगी नाही' असं यायचं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल संपला होता, म्हणून दर सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे जायची. तारीख चुकली की सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अवैध ठरतं. सेल बदलला आणि सगळं सुरळीत झालं. विंडोज ७ असेल तर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, आणि इतक्या जुन्या ब्राउझरवर नवे कॅप्चा अडतात.

आणि पाच-सहा वेळा नकार आला तर थांबा. रागाने दाबत राहिलं की संशय वाढतो, चित्रं आणखी अवघड होतात.

कॅप्चा म्हणेल ते मुकाट्याने केलं

यासाठीच हे सगळं लिहायला बसले. सांगेल ते करायची आपल्याला सवय लागलीय आणि चोर तिचाच फायदा घेतायत. २०२४ पासून हा प्रकार फार पसरलाय. पानावर हुबेहूब 'मी रोबोट नाही' चा चौकोन येतो. त्यावर क्लिक केलं की तीन पायऱ्या दिसतात: विंडोजची कळ आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. पहिल्या पायरीने संगणकाला हुकूम द्यायची खिडकी उघडते. दुसऱ्या पायरीने त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेला हुकूम तिथे उतरतो. तिसऱ्या पायरीने तो चालतो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकीज चोराकडे जातात. व्हायरस आपल्याच हाताने बसवलेला असतो.

खरा कॅप्चा ब्राउझरच्या पानातच संपतो. तो कीबोर्डच्या कळा दाबून काही पेस्ट करायला, ॲप डाउनलोड करायला, ओटीपी किंवा यूपीआय पिन द्यायला कधीही सांगत नाही. 'रोबोट नसाल तर अलाउ दाबा' हेही खोटंच. त्याने नोटिफिकेशनची परवानगी जाते आणि मग फोनवर घाणेरड्या जाहिरातींचा मारा सुरू होतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथे नोटिफिकेशन, आणि अनोळखी साइट काढून टाका.

त्या तीन पायऱ्या केल्याच असतील तर आधी नेट तोडा. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा, कारण चोरलेल्या कुकीजवर पासवर्डशिवायही आत शिरता येतं. बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. लाजेखातर रात्र घालवू नका, पहिले तास मोलाचे असतात. संगणक जाणकाराकडून फॉरमॅट करून घ्या.

'घरबसल्या कॅप्चा टाइप करून पैसे कमवा' या जाहिरातींपासूनही लांब राहा. आधी नोंदणीचे पैसे घेतात, मग अचूकता कमी भरली म्हणून कोर्टाच्या नोटिशीची धमकी देतात. आमच्या गावातल्या दोन मुलींनी या धमकीला घाबरून पैसे भरले.

चुकलं म्हणून स्वतःला अडाणी म्हटलं

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये १,४०० लोकांवर पाहणी केली. वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा सोडवायला माणसांना ९ ते १५ सेकंद लागले आणि अचूकता ५० ते ८४ टक्के भरली. रोबोटला एक सेकंदही लागत नाही, आणि तो जवळजवळ चुकतच नाही. ज्यांना अडवायचं ते सहज पुढे जातात आणि आबा दोन दिवस खोळंबतात. हे मला पटत नाही.

दृष्टी नसलेल्यांचे हाल तर याहून मोठे. हेडफोनचं चिन्ह असेल तर आवाजी कॅप्चा मिळतो, पण तो बहुधा इंग्रजीत आणि खरखरीत असतो. कित्येक साइटवर तोही नसतो. बँकेच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, जिवंत माणूस समोर आहे हे दाखवायला डोळे मिचकावायला लावतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बाईने ते कसं करायचं? याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं आणि मिचकावण्याला पर्याय द्या, कागदी केवायसीही चालू ठेवा, असे निर्देश दिले. तुमच्या घरातल्या कुणाला 'डोळे मिचकावल्याशिवाय खातं उघडणार नाही' असं कुणी म्हणालं, तर त्या निकालाची तारीख सांगा आणि नकार लेखी मागा.