जुन्या लाँचचं डिझेल इंजिन पाण्यात मध्येच बंद पडतं? तपासणी टाकीपासून करा

उजनी धरणाच्या फुगवट्यावरची जुनी लाँच काठाला बांधून ठेवली तर तासभर चालते आणि मध्यात गेली की बंद पडते. अशा वेळी पहिला पाना नोझलला लावू नका. डिझेल दाबाने पुढे ढकलणारा फ्युएल पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारं नोझल हे महागडे भाग सर्वांत शेवटी. टाकीपासून, टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतच्या नळीत हवा शिरणं किंवा डिझेलमध्ये पाणी असणं, दुखणं बहुधा इथेच असतं.

आधी इंजिन बंद करायची स्टॉपची तार पूर्ण मागे येते का ते बघा. अर्धवट अडकलेली तार पुष्कळदा फसवते. मग इंजिन फिरवून धुराड्याकडे लक्ष द्या. पांढरा धूर येतोय पण इंजिन पेटत नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही.

टाकीच्या तळातून एक ग्लासभर डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवा. पाणी खाली बसतं, मध्ये काळपट बुळबुळीत थर दिसला तर टाकीत जंतू वाढलेत. टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्यात आतल्या पत्र्यावर दव धरतं आणि तळाला उतरतं. दुपारच्या वाऱ्यात होडी हलली की हा गाळ ढवळून नळीत ओढला जातो, म्हणून दोष काठावर सापडत नाही. टाकी धुवा, फिल्टर बदला आणि दिवस संपताना टाकी भरून ठेवा.

वीस-तीस मिनिटं चालून बंद पडणं आणि थोडं थांबलं की पुन्हा सुरू होणं, हे टाकीची हवेची वाट बुजल्याचं लक्षण. बंद पडताच झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर ती वाट मोकळी करा.

हवा शोधणं मात्र चिवट काम आहे. फीड पंपाच्या अलीकडची, म्हणजे टाकीकडची नळी इंजिन चालू असताना ओढीखाली असते, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं! पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनपेक्षा उंच ठेवून पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला जोडा. इंजिन नीट चाललं तर दोष टाकीच्या बाजूला. मग प्रत्येक क्लिप, तोटी आणि बेंजो बोल्टचे (ज्यांच्या पोटातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर बघा. जुने वायसर लाल तापवून पाण्यात बुडवले की मऊ होतात, पण नवे घातलेले बरे. जुनी रबरी नळी आतून सोलून पडद्यासारखी आडवी येते, तीही बदला. चुडीवर, म्हणजे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे पंपात जातात.

कुठलाही जोड उघडला की हवा काढावीच लागते. फिल्टरचा स्क्रू सैल करून डिझेलचा छोटा हातपंप मारा आणि फेस संपून नितळ धार आली की आवळा. मग फ्युएल पंपाच्या स्क्रूवर तेच करा. शेवटी नोझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून इंजिन फिरवा आणि तिथेही फेस संपला की आवळा.

एवढं करूनही इंजिन थरथरत असेल तर मंद गतीवर एकेक नट सैल करा. ज्या नटाने वेग पडत नाही, त्या सिलिंडरचं नोझल टेस्टिंगला द्या. नटाभोवती कापड गुंडाळा आणि हात लांब ठेवा: दाबाची धार कातडी फोडून आत जाते, तसं झालं तर तातडीने दवाखाना गाठावा लागतो. हा प्रयोग फक्त डिझेल इंजिनावर. पेट्रोलच्या इंजिनाची नळी चालू असताना कधीच उघडू नका.

भार पडल्यावर काळा धूर येत असेल तर आधी होडी ढकलणारा पाण्यातला पंखा बघा. जाळ्याचे दोरे किंवा जलपर्णी गुंडाळलेली असते. ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर बहुधा फीड पंपाचा पडदा फाटलाय. तो बदलून ऑइलही बदलेपर्यंत इंजिन चालवू नका.

प्रत्येक जोडाखाली ट्रे ठेवा. सांडलेलं डिझेल होडीच्या तळातून धरणात जातं, आणि सोलापूर शहर तेच पाणी पितं.