लाल बिल्डवर 'री-रन' दाबताय? सीआयमधल्या या चुका टाळा

पणजीत पाट्टोवर बसून आम्ही रेंट-अ-बाईकवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करत होतो. कोड पुश केला की सीआय, म्हणजे आपोआप बिल्ड करून टेस्ट चालवणारी यंत्रणा, धावायची. मध्यरात्रीनंतर कुणी पुश केला की त्यातली एक टेस्ट लाल, म्हणजे नापास व्हायची. सकाळी 9 ला येऊन री-रन दाबलं की हिरवी. "सर, ती टेस्टच खुळी आहे," असं म्हणत नव्या पोराने तिला 'स्किप' लावलं, म्हणजे ती चालवायचीच नाही. त्याचा रिव्ह्यू मीच पास केला.

मग डिसेंबर आला. दाबोळी विमानतळावर रात्री 2 वाजता उतरून स्कूटर घेणाऱ्यांच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख, म्हणजे एका दिवसाचं भाडं जादा. भांडणं झाली काउंटरवर, शिव्या बसल्या आम्हाला. त्याही अस्सल कोकणीत.

झालं होतं असं: टेस्ट भारतीय तारीख धरून होती, कोड मात्र मशीनच्या घड्याळाला तारीख विचारायचा. आमच्या लॅपटॉपवर दोन्ही एकच. सीआयचं मशीन आणि प्रॉडक्शनचा (ग्राहक वापरतात तो) सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे रात्री 12 वाजल्यापासून पहाटे 5:30 पर्यंत तिथे कालचाच दिवस! टेस्ट बिचारी रोज रात्री खरं सांगत होती.

तेव्हापासून माझी सवय: कोडमध्ये 'एशिया/कोलकाता' हा भारताचा टाइमझोन स्पष्ट लिहायचा आणि टेस्टला खरं घड्याळ कधीच द्यायचं नाही. वेळ आपण ठरवून द्यायची: 12:01, 5:29, 5:31. टेस्ट लाल झाली की आधी लॉग वाचायचा, किती वाजता झाली ते वहीत टिपायचं. हो, कागदाच्या वहीत. पोरं हसतात. 'स्किप' लावायचंच असेल तर शेजारी स्वतःचं नाव आणि काढायची तारीख लिहा. बिननावी स्किप मी आता मुख्य कोडमध्ये मर्जच करत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. फाइलचं नाव कॅपिटल, इम्पोर्टमध्ये स्मॉल: विंडोजवर चालतं, लिनक्सवर आपटतं. एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं साधन) वापरत असाल तर सीआयवर 'एनपीएम इन्स्टॉल' नको, 'एनपीएम सीआय' वापरा; ते लॉक फाइलमध्ये नोंदलेल्या आवृत्त्याच बसवतं, नाहीतर ती फाइल कशाला ठेवलीत? सीआय म्हणजे सगळ्यांचा कोड सतत एकत्र करणं; 15 दिवस स्वतःच्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) बसणाऱ्याने 'आमच्याकडे सीआय आहे' म्हणू नये.

आणि जेन्किन्स (सीआय चालवणारं सॉफ्टवेअर) टेबलाखालच्या जुन्या पीसीवर ठेवू नका. पावसात वीज जाते. आमचा यूपीएस 10 मिनिटं टिकायचा, बिल्ड होता 18 मिनिटांचा.