१ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच का दिसतात?

मामांनी नवी १ टीबीची, म्हणजे १००० जीबीची हार्ड डिस्क आणली. विंडोजमध्ये जागा दिसली ९३१ जीबी. ‘गंडवलं की रे!’ म्हणत ते दुकानात परत निघालेच होते. मी डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. तिथे जीबीशेजारीच बाइटचा पूर्ण आकडा असतो, तोच प्रमाण मानायचा. तो १ लाख कोटीच्या थोडा वरच होता. माल पुरेपूर!

कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ × १०२४ × १०२४, म्हणजे सुमारे १०७.३७ कोटी बाइटांना १ जीबी म्हणतं. म्हणून छापील जीबीला १.०७४ ने भागायचं. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह साधारण ५९.६ दिसणार. या मोठ्या मापाला १९९८ पासून गिबीबाइट हे स्वतंत्र नाव आहे. विंडोजने ते वापरायलाच हवं. मामांनी डिस्क ठेवून घेतली.