पेरणीचा निर्णय बरोबर होता का, हे कसं तपासावं

दिवाळीच्या आसपास सोयाबीन मोजून होतं आणि पारावर निकाल लागतो. ज्याला एकरी 10 क्विंटल उतार आला तो हुशार, दुबार पेरावं लागलं तो उतावळा. दोघांनी एकाच दिवशी, सारख्याच ओलीवर पेरलेलं असतं. एकाच्या शिवारात नंतर सर पडली, दुसऱ्याच्या नाही, एवढाच फरक. हे ऐकून पुढच्या वर्षीची पेरणी ठरवू नका.

पेरणीच्या दिवशी, तिफण हलण्याआधी, वहीत लिहा: तारीख, तोवरचा पाऊस, ओल किती बोटं खोल गेली, उगवण चाचणीत 100 पैकी किती दाणे उगवले आणि आजच का पेरतोय. पाऊस आपल्या शेतात मोजलेला. महसूल मंडळाचा आकडा आपल्या बांधापर्यंत पोचेलच असं नाही. मग वही मिटा. नंतर आठवून लिहिलेली कारणं मी धरतच नाही.

खरी गोची काढणीनंतर, वही उघडताना होते. ‘उतार किती आला ते विसरून निर्णयाकडे बघा,’ असं सांगणाऱ्यांचा मला आता राग येतो. विसरता येत नाही. एका खरिपात मी 30 मिलिमीटर पावसावर पेरलं. कृषी विभाग 75 ते 100 मिलिमीटर होईपर्यंत थांबायला सांगतो. पुढे पाऊस लागून राहिला, पीक झकास आलं, आणि मी आमच्या शेतकरी गटात त्याला ‘धाडस’ म्हणून मिरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा 30 वरच पेरलं. पावसानं 18 दिवस ओढ दिली, कोंब मातीतच करपले. त्याला मीच ‘घाई’ म्हणालो. वहीतल्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर तारखेशिवाय फरक नव्हता. घाई पहिल्या वर्षीही होतीच.

शिकलेल्यांचंही असंच होतं. बॅरन आणि हर्शी या अमेरिकन संशोधकांनी 1988 साली लोकांपुढे एका डॉक्टरचा निर्णय ठेवला: 55 वर्षांच्या रुग्णाची बायपास, शस्त्रक्रियेत दगावण्याची शक्यता 8 टक्के. रुग्ण वाचला असं सांगितलं तर निर्णयाला गुण जास्त, दगावला म्हटलं तर कमी. निर्णय तोच.

म्हणून उतार लपवावाच लागतो. गावात कुणाचं रान कसं आलं हे लपत नाही, त्यामुळे आम्ही दुसऱ्या तालुक्यातल्या गटाशी नोंदींची अदलाबदल करतो. नाव नाही, वर्ष नाही, उतार नाही. त्यांनी एवढंच सांगायचं: या माहितीवर तुम्ही पेरलं असतं का? उत्तर कागदावर आलं की मगच उतार उघडायचा. आधी चहा पिताना कुणी पचकला तर ती नोंद बाद. आम्ही दोनदा बाद केलीय.

उलटी पळवाटही नको. पीक गेलं की ‘नशीब’ म्हणून हात झटकणारे आमच्यातही आहेत. पावसाचा खंड तुमच्या हातात नव्हता, कबूल. पण उगवण चाचणी केलीच नसेल आणि उगवण 70 टक्क्यांखाली निघाली, तर ती चूक तुमचीच, मग पीक भरघोस येवो की न येवो.

एका हंगामावरून पद्धत बदलू नका. आम्ही पाच खरिपांच्या नोंदी जमल्यावरच बदलतो. बियाण्याची पावती आणि पिशवीवरचं लेबल त्याच वहीत चिकटवा, उगवणीची तक्रार करायची वेळ आली तर दोन्ही लागतात.